सीझफायर? कुठलं, बॉस्टनचं की शिकागोचं?

अमेरिकेतल्या वस्त्यांमधल्या गोळीबारावर कुणी लिहायला बसलं की हे वाक्य हटकून येतं: ‘सीझफायरमुळे तरुणांचे खून ६३ टक्क्यांनी कमी झाले.’ आणि लगेच पुढे, हिंसा कशी साथीच्या रोगासारखी पसरते आणि वस्तीतलेच लोक मध्ये पडून भांडणं कशी मिटवतात, त्याचं वर्णन. आकडा बॉस्टनचा, गोष्ट शिकागोची! गोळीबार थांबवायला या दोन शहरांत दोन वेगळे कार्यक्रम निघाले, दोघांचंही नाव ‘सीझफायर’ (म्हणजे शस्त्रसंधी) पडलं आणि तेव्हापासून हा घोळ चालू आहे.

शिकागोचं बहुतेकांना माहीत असतं, म्हणून भरभर सांगतो. तो काढला क्षय, कॉलरा, एड्सच्या साथींवर काम केलेले डॉक्टर गॅरी स्लटकिन यांनी. २००० साली शिकागोतल्या वेस्ट गारफील्ड पार्क या वस्तीत सुरुवात. २००४ पासून भांडणात मध्ये पडणारे पगारी ‘इंटरप्टर’, त्यातले बरेच जण स्वतः टोळीतून किंवा तुरुंगातून आलेले. २०१२ मध्ये नाव बदलून ‘क्युअर व्हायलन्स’ केलं. चांगलं केलं, फक्त बारा वर्षं उशिरा.

बॉस्टनचं ‘ऑपरेशन सीझफायर’ त्याच्या आधीचं, १९९६ चं. हार्वर्डचे डेव्हिड केनेडी, अँथनी ब्रागा आणि अ‍ॅन पील यांनी पोलिसांबरोबर बसून कोणत्या टोळीचं कुणाशी वैर आहे याचा नकाशा काढला. ६१ टोळ्या, त्यांत मिळून सुमारे १३०० जण. शहरातल्या तरुणांत हे एक टक्काही नाहीत, पण तरुणांच्या निदान ६० टक्के खुनांशी यांचा संबंध. मग त्यांना बोलावून घेतलं. जे प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाऐवजी कोर्टाच्या अटींवर बाहेर होते, त्यांना ‘येत नाही’ म्हणायची सोयच नव्हती. समोर पोलिस, सरकारी वकील, पाद्री, वस्तीत काम करणारे कार्यकर्ते. निरोप असा: सुटायचं असेल तर मदत देतो, पण तुमच्यातल्या एकाने जरी गोळी झाडली, तरी अख्ख्या टोळीची जुनी वॉरंटं, प्रोबेशनच्या अटी, रस्त्यावर दारू पिणं, सगळं उकरून काढू.

इथे लोक घाईने निष्कर्ष काढतात की बॉस्टन कडक आणि शिकागो मवाळ. मला या वाक्याचा मनापासून वैताग आहे. बॉस्टनच्या बैठकीत मदतीचा हातही खराच होता, आणि बदला घ्यायला निघालेल्या पोराला रात्री अडवणं यात मवाळ काय आहे?

खरा फरक आहे तो सांगणाऱ्याच्या शब्दाला वजन कशामुळे येतं यात. बॉस्टनमध्ये ते येतं बोलल्याप्रमाणे करून दाखवण्यामुळे. बैठकीत धमकी दिली आणि पुढच्या गोळीबारानंतर काहीच झालं नाही, तर दुसऱ्या बैठकीला पोरं हसतील. म्हणून आधी एका टोळीवर सगळं बळ लावायचं आणि ते बाकीच्यांना दाखवायचं, म्हणजे सुपातल्यांना जातं दिसतं. बंदुकीची एकच गोळी जवळ सापडली म्हणून जवळजवळ वीस वर्षं आत गेलेल्या माणसाचं पत्रक त्यांनी वाटलं होतं. यात आणखी एक खुबी आहे: ज्याला मुळात गोळी झाडायची नाही, त्याला टोळीत तोंड न लपवता म्हणता येतं, ‘नको रे, सगळेच आत जाऊ.’

शिकागोत वजन येतं तोंड बंद ठेवण्यामुळे. आज रात्री कोण कुणाच्या मागावर आहे हे इंटरप्टरला कळतं, कारण तो ते पोलिसांना सांगणार नाही याची सगळ्यांना खात्री असते. एकदा सांगितलं की तो खबऱ्या ठरला. मग त्याची नोकरी राहील, काम संपेल. जीवही धोक्यात येईल. त्यामुळे ‘दोन्हींतलं चांगलं घेऊन एकत्र करू’ असं म्हणत इंटरप्टरलाच पोलिसांच्या बैठकीत बसवणारे मला घाबरवतात. एका शहरात दोन्ही चालू शकतील, एका माणसात नाही.

पैसा कुणाचा, कचेरी कुठल्या खात्यात, हे फरक सोडून द्या. पुराव्याचा फरक मात्र सोडू नका. ते ६३ टक्के म्हणजे बॉस्टनमध्ये २४ आणि त्याखालच्या वयाच्या खून झालेल्यांच्या मासिक सरासरीतली घट. तेव्हा देशभरच खून कमी होत होते, त्यामुळे श्रेय किती द्यायचं यावर वाद झालेच. तरी त्या पद्धतीच्या २४ मूल्यमापनांचा २०१८ चा आढावा एकंदर तिच्या बाजूने गेला. शिकागोच्या पद्धतीचे निकाल एका वस्तीत चांगले, शेजारच्या वस्तीत शून्य असे येतात; पिट्सबर्गमधल्या तशाच एका कार्यक्रमात तर गंभीर हल्ले वाढलेले दिसले. माझा कल बॉस्टनकडे आहे, पण २००० साली तिथेच ते गुंडाळलं गेलं आणि नंतर खून पुन्हा वाढले, हेही त्याच दमात सांगायला हवं.

ओकलंडमध्ये २०१२ पासून जे ‘सीझफायर’ चाललं ते बॉस्टनच्या घराण्यातलं. बॉल्टिमोरच्या ‘सेफ स्ट्रीट्स’च्या नावात सीझफायर कुठेच नाही, पण ते शिकागोचं.