टॅपेट वाजणं म्हणजे नॉकिंग नव्हे

नाशिकमध्ये बॉनेटखालून कसलाही आवाज आला की त्याचं नाव ठरलेलं: नॉकिंग. सल्लाही ठरलेला: महागडं पेट्रोल टाक. चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात टॅपेट वाजणं आणि नॉकिंग होणं यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

टॅपेट बहुतेकांना माहीत आहेत. व्हॉल्व्ह (सिलिंडरची झडप) आणि त्याला दाबणारा भाग, म्हणजे टॅपेट, यांच्यातली फट वाढली की टिकटिक. व्हॉल्व्ह उघडणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट, तो इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, क्रँकच्या, निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून ८०० आरपीएमच्या आयडलला एक सैल टॅपेट मिनिटाला ४०० वेळा वाजतो. हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबानं फट आपोआप भरणारे, असतील तर निफाडकडच्या डिसेंबरातल्या गारठ्यात चालू करताना जरा वाजतात, ऑइल पोचलं की गप्प. नाही झाले, तर आधी डिपस्टिक काढून ऑइलची पातळी बघा.

नॉकिंग घडतं सिलिंडरच्या आत. ठिणगी पडली की ज्योत प्लगपासून पसरत जायला हवी. दाब आणि उष्णता फार चढली, तर ज्योत पोचायच्या आधीच कडेचं उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं. दाबाच्या लाटा भिंतींवर आदळतात आणि पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवल्यासारखी खडखड येते. हे चालूच राहिलं तर पिस्टनची वाट लागते.

ओळखायचं ते लोडवरून, म्हणजे इंजिनावरच्या भारावरून, आवाजाच्या जातीवरून नाही. तिथेच सगळे फसतात. गाडी उभी करा, न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर द्या. आरपीएमबरोबर टिकटिक भरभर झाली तर टॅपेट. उभ्या गाडीत काहीच नाही, पण मुंबईहून येताना कसारा घाटात चौथ्या गिअरवर, १५०० आरपीएमला पाय पूर्ण दाबला की खडखड, आणि गिअर उतरवताच बंद? ते नॉकिंग. यात अर्ध्या वेळा दोष इंजिनाचा नसतोच, मायलेजपायी वरचा गिअर न सोडणाऱ्याचा असतो. खालच्या गिअरमध्येही राहिलं तर मग साठलेला कार्बन, तापणारं इंजिन, चुकीचे प्लग, नॉक सेन्सर असं तपासत जायचं.

इथेनॉलला मात्र इथे शिव्या देऊ नका. त्याचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग रोखायच्या ताकदीचा आकडा, १०८ च्या आसपास, इथेनॉल नसलेल्या साध्या पेट्रोलचा ९१ च्या आसपास. त्यानं नॉकिंग उलट कमी होतं. रबरी नळ्यांची तक्रार असेल तर ती वेगळी.

आणि महागड्या पेट्रोलनं टॅपेट गप्प होत नाहीत. ते गप्प करायला काही मिस्तरी फट पार मिटवून टाकतात, गिऱ्हाईक खूश! गरम झाल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, त्याची उष्णता सीटमधून, म्हणजे व्हॉल्व्हच्या बैठकीतून, इंजिनाच्या हेडमध्ये उतरत नाही आणि व्हॉल्व्ह जळतो. थोडा वाजणारा टॅपेट मला घट्ट टॅपेटपेक्षा कधीही परवडला. सीएनजीवर तर सीट झिजून फट आपोआप कमी होत जाते, म्हणजे बिघडत चाललेली गाडी जास्तच शांत वाटते. अशा गाडीचे टॅपेट आवाज नसला तरी वेळच्या वेळी तपासायचे, आणि तेही फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, लावून. कानानं सेट करणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नका.