हरवलेले आद्य ख्रिस्ती लेखन

पहिल्या तीन शतकांत लिहिले गेलेले, पण आज संपूर्ण स्वरूपात हाती नसलेले ख्रिस्ती ग्रंथ, पत्रे व शुभवर्तमाने यांचा या नोंदीत विचार केला आहे. त्यांतील बहुतेकांची माहिती इतरांनी उद्धृत केलेल्या उताऱ्यांमुळे मिळते. या बाबतीत सर्वांत मोलाचा साक्षीदार कैसरियाचा बिशप युसीबियस. चौथ्या शतकाच्या आरंभी चर्चचा इतिहास लिहिताना त्याने जुन्या ग्रंथांतले परिच्छेद जसेच्या तसे उतरवून घेतले. नव्या करारातही हरवलेल्या लेखनाच्या खुणा आहेत. करिंथकरांस पहिल्या पत्रात (5:9) पौल आपल्याच आधीच्या एका पत्राचा उल्लेख करतो. ते पत्र उरलेले नाही.

ग्रंथ नाहीसे होण्यामागे छळ आणि बंदी हीच कारणे असावीत असा समज आहे. रोमन सम्राट डायोक्लिशनच्या इ.स. 303 च्या फर्मानाने धर्मग्रंथ जाळले गेले हे खरे. पाचव्या शतकात बिशप थिओडोरेटने आपल्या प्रांतातून दुसऱ्या शतकातील लेखक टेशनच्या ‘डायाटेसरॉन’च्या (चार शुभवर्तमानांच्या एकत्रित पाठाच्या) 200 हून अधिक प्रती काढून टाकल्या. तरीही अधिक नुकसान उपेक्षेने केले. पपायरस (पाणवनस्पतीपासून केलेला त्या काळचा कागद) कोरड्या वाळूत टिकतो, दमट हवेत कुजतो. त्यामुळे रोम, अँटिओक किंवा इफिसस येथे लिहिलेला ग्रंथ हाताने पुन्हा पुन्हा नकलून घेतला, तरच पुढे जात असे. नक्कल करणाऱ्याला तो कालबाह्य वाटला की शेवटची प्रत कुजेपर्यंतच त्याचे आयुष्य.

पापियासचा ग्रंथ बहुधा असाच गेला. आशिया मायनरमधील हिरापोलिसचा (आजच्या तुर्कस्तानातील पामुक्कलेजवळ) हा बिशप. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने प्रभूच्या वचनांचे विवरण करणारे पाच खंड लिहिले. प्रेषितांचे किंवा वडीलजनांचे शिष्य भेटले की तो त्यांना विचारी : पेत्र काय म्हणाला, योहान काय म्हणाला? मार्क हा पेत्राचा दुभाषा होता, त्याने आठवेल ते अचूक लिहिले पण क्रमाने नाही; आणि मत्तयाने वचने हिब्रू भाषेत मांडली, ही दोन विधाने त्याचीच. पृथ्वीवर ख्रिस्ताचे हजार वर्षांचे राज्य येईल, या त्याच्या अपेक्षेमुळे युसीबियसने त्याला अल्पबुद्धी ठरवले. आज त्याचे पानभर-दोनपान तुकडे उरले आहेत आणि शुभवर्तमानांच्या उगमावरची चर्चा अजूनही त्यांच्याभोवती फिरते.

हे पाच खंड सापडले तर त्या दोन विधानांचा मागचा-पुढचा संदर्भ मिळेल. पापियास म्हणतो तो मत्तयाचा ग्रंथ म्हणजे आज आपण वाचतो ते शुभवर्तमानच की वचनांचा वेगळा संग्रह, हे ठरवता येईल. लूक आणि योहान यांची शुभवर्तमाने त्याला ठाऊक होती का, तेही कळेल. मात्र तो स्वतः येशूचा साक्षीदार नव्हता. ऐकीव गोष्टी गोळा करणाऱ्या माणसाची ती साक्ष असेल आणि तिचे वजन तेवढेच धरावे लागेल.

शोध लागतो तो बहुधा दोन टप्प्यांत : वस्तू सापडते एकदा, ओळखू येते नंतर. 1897 मध्ये इजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथील प्राचीन उकिरड्यात ग्रेनफेल आणि हंट या इंग्रज अभ्यासकांना येशूच्या वचनांचे ग्रीक पान मिळाले. ते ‘थोमाच्या शुभवर्तमाना’चे आहे हे कळायला 1945 मध्ये नाग हम्मादीला सापडलेली, 114 वचनांची कॉप्टिक (इजिप्तमधील ख्रिस्ती लोकांच्या जुन्या भाषेतील) प्रत वाचली जावी लागली. ॲरिस्टाइडिस या अथेन्सच्या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने आपल्या धर्माच्या समर्थनार्थ केलेल्या निवेदनाची सिरियाक (अरामी भाषेच्या एका रूपातील) प्रत अभ्यासक रेंडेल हॅरिस यांना 1889 मध्ये सिनाई येथील मठात मिळाली. तेव्हा असे दिसले की ग्रीक मजकूर शतकानुशतके सर्वांच्या हातातच होता. ‘बारलाम आणि योसाफट’ या कथेतील एका भाषणात तो गुंफलेला होता. ही कथा मुळात बुद्धचरित्रावरून आलेली, म्हणजे दुसऱ्या शतकातले हे ख्रिस्ती निवेदन एका भारतीय कथेने वाचवले.

अशा शोधांचा खरा लाभ ‘डिडाखे’ (‘शिकवण’) या आद्य ख्रिस्ती नियमपुस्तिकेत दिसतो. ग्रीक बिशप ब्रायेनिओस यांना 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडलेल्या 1056 च्या हस्तलिखितात ती होती. 1883 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात बाप्तिस्मा शक्यतो वाहत्या पाण्यात द्यावा, ते नसेल तर इतर पाण्यात, तेही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावे, असे सांगितले आहे. उपवास बुधवारी व शुक्रवारी. फिरता प्रेषित तीन दिवस राहिला किंवा निघताना पैसे मागू लागला तर तो खोटा समजावा. नव्या सिद्धांतापेक्षा मंडळीचे रोजचे जगणे यातून कळले.

सापडलेले पान हाताळताना घाई नडते. कोरडी गुंडाळी उलगडली की ती तुटते. आधी नियंत्रित ओलावा देऊन तंतू मऊ करतात, टिपकागदात दाबून सपाट करतात, मग दोन काचांमध्ये ठेवतात. तुकडे जुळवताना अक्षरांइतकीच तंतूंची दिशा उपयोगी पडते. काजळीची शाई अवरक्त प्रकाशात ठळक दिसते. चर्मपत्रावरून खरवडलेल्या लोहयुक्त शाईसाठी अतिनील किरणे लागतात. ‘यहूदाच्या शुभवर्तमाना’ची कॉप्टिक प्रत न्यूयॉर्क राज्यातील एका बँकेच्या लॉकरमध्ये सुमारे 16 वर्षे पडून होती, पुढे ती गोठवली गेली आणि पानांचा चुरा झाला. 2006 मध्ये ती प्रसिद्ध होईपर्यंत काही ओळी कायमच्या गेल्या होत्या. पहिले काम म्हणजे लगेच छायाचित्रे घेणे. ‘डायोग्नेटसला पत्र’ या लेखनाचे एकमेव हस्तलिखित 1870 मध्ये स्ट्रासबुर्गच्या आगीत जळाले. आधी नकला झाल्या होत्या म्हणूनच आज ते वाचता येते.

कालनिर्णयात चूक सहज होते. हस्ताक्षराच्या वळणावरून 50 ते 100 वर्षांचा पट्टाच मिळतो. पहिल्या शतकातील म्हणून गाजलेला मार्कच्या शुभवर्तमानाचा तुकडा 2018 मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या शतकातील ठरला. कार्बन-14 चाचणी पपायरसची वनस्पती कधी कापली ते सांगते, त्यावर कधी लिहिले ते नाही. जुने कोरे तुकडे बाजारात मिळतात आणि त्यांवर आजही लिहिता येते. 2012 मध्ये जाहीर झालेल्या ‘येशूच्या पत्नी’च्या तुकड्याचा पपायरस खरोखर मध्ययुगीन होता, पण मजकूर ‘थोमा’च्या आधुनिक आवृत्तीतून उचललेला निघाला, त्या आवृत्तीतली चूकही सोबत आली होती. ज्या ज्ञात ओळींवरून हरवलेला ग्रंथ ओळखायचा, त्याच ओळी बनावट लिहिणाऱ्यालाही उपलब्ध असतात. म्हणून ओळखीच्या ओळी दिसल्या की आनंदाआधी वस्तू कुठून, कोणाच्या हातून आली याची कागदपत्रे मागावीत. ती नसतील तर मजकूर कितीही मोहक असला तरी निर्णय थांबवावा.

भारताशी निगडित एक उल्लेख युसीबियसने जपला आहे. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती शिक्षक पँटेनस ‘भारता’त गेला, तेव्हा तेथील ख्रिस्ती लोकांकडे येशूचा प्रेषित बार्थोलोम्यू याने ठेवलेले, हिब्रू अक्षरांतील मत्तयाचे शुभवर्तमान त्याला आढळले, असे सांगितले जात असे. काही अभ्यासक हा भारत म्हणजे मुंबईजवळच्या कल्याणचा परिसर मानतात, तर काहींच्या मते तो अरबस्तान असावा, कारण त्या काळी हे नाव सैलपणे वापरले जाई. कोकणच्या पावसाळी हवेत पपायरस किंवा चर्मपत्र इतकी शतके टिकणे जवळजवळ अशक्य. त्यामुळे असा पाठ कधी मिळालाच, तर तो पूर्वेकडील मठांतील सिरियाक, आर्मेनियन किंवा अरबी अनुवादांत किंवा खरवडून पुन्हा लिहिलेल्या पानांखाली मिळण्याचा संभव अधिक.