पनवेलपाशी वाकलेला दख्खन

ठाण्याहून खंडाळ्याला निघालेली मंडळी खोपोली येईपर्यंत डोंगराकडे पाहत नाहीत. ठाणे-बेलापूर रस्त्याला डाव्या हाताला पारसिकची रांग सोबतीला असते, पण खदानींनी पोखरलेल्या, पायथ्याशी वस्तीने वेढलेल्या त्या टेकड्यांसाठी कोण गाडी थांबवणार? या प्रवासातलं खरं नवल मात्र तिथूनच सुरू होतं.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा उसळून दूरवर पसरत गेला. एक थर थिजला की काही काळाने त्यावर दुसरा, भाकरीवर भाकरी रचावी तसा. दोन उद्रेकांमध्ये बराच काळ गेला असेल, तर खालच्या थराचा पृष्ठभाग कुजून लाल माती होई. घाटातल्या कापांत काळ्या कातळामध्ये दिसणारा विटकरी पट्टा बहुतेकदा तोच. लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे गरम पाण्याने झिओलाइट या खनिजाचे पांढरे, गुलाबी स्फटिक जमवले. नवी मुंबईच्या खदानींतून असे देखणे नमुने निघाले आहेत. किती खडीच्या क्रशरमध्ये गेले, देव जाणे.

असे पसरलेले थर आडवेच असायला हवेत. खंडाळ्याला, माथेरानला ते तसे आहेतही, म्हणून तर तिथले माथे सपाट. पारसिक-पनवेलच्या पट्ट्यात मात्र तेच थर पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने कललेले आहेत. भूशास्त्रात या बाकाला पनवेलचंच नाव आहे. लाव्ह्याचा जोर ओसरत होता त्या सुमारास भारताच्या पश्चिम कडेपासून आजच्या सेशेल्स बेटांचा तुकडा फाटून दूर जाऊ लागला. कवच ताणलं गेलं, पातळ झालं आणि किनाऱ्याची बाजू थरांसकट खाली झुकली.

पनवेल ओलांडून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने चौककडे जाताना हा फरक नजरेने टिपता येतो. डावीकडे प्रबळगडाचा सपाट माथा आणि कड्यावरच्या आडव्या रेघा दिसतात. जून-जुलैत प्रत्येक रेघेवर गवत धरतं, तेव्हा थर बोटाने मोजावेत इतके स्पष्ट होतात. पुढची बोरघाटाची भिंत भूकंपाने एका झटक्यात उभी राहिली, असं अजूनही ऐकू येतं. मूळ कडा बराच पश्चिमेला होता आणि कोट्यवधी पावसाळ्यांनी तो झिजवत मागे सारला, हे आज जास्त मानलं जातं. प्रबळगड, माथेरान हे त्या मागे हटलेल्या पठाराचे मागे राहिलेले तुकडे.

वज्रेश्वरीच्या गरम कुंडांखाली ज्वालामुखी धुमसतोय, ही समजूतही अशीच. तिथला लाव्हा केव्हाच थंड झाला. किनारपट्टीला समांतर गेलेल्या खोल भेगांतून पावसाचं पाणी खाली मुरतं, पृथ्वीच्या पोटातल्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि तानसा नदीकाठी वर येतं.