निम्म्याहून जास्त गाड्या कुठल्या?

आंबिया बहाराचा माल उतरायला लागला की नागपूरच्या कळमना मार्केटमध्ये संत्र्याच्या गाड्यांची रांग लागते. काटोल, नरखेड, सावनेर, कळमेश्वर, पलीकडून वरूड-मोर्शी. समजा, गेटवर बसलेल्या माणसाला संध्याकाळी आपण एकच प्रश्न विचारणार आहोत: आज आलेल्या गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त एकाच गावच्या होत्या का, आणि असतील तर कुठल्या? त्याच्याकडे वही नाही. गावाचं एक नाव आणि एक आकडा, एवढंच लक्षात ठेवायची मुभा आहे. किती गाड्या येणार, किती गावांच्या येणार, हे त्याला आधी माहीत नाही.

पहिल्यांदा ऐकताना हे अशक्य वाटतं. आपली नेहमीची सवय म्हणजे प्रत्येक गावासमोर रेघा ओढायच्या. पण जितकी गावं तितके रकाने लागतात. दुसरा उपाय त्याहून हुशार आहे: सगळ्या गाड्यांची नावं अकारविल्हे लावा आणि बरोब्बर मधलं नाव उचला. एखाद्या गावाच्या निम्म्याहून जास्त गाड्या असतील, तर मधली जागा त्यांच्याच ताब्यात असणार. सुरेख आहे, पण त्यासाठी पूर्ण यादी हातात हवी आणि ती लावण्याचा खटाटोप वेगळाच.

आता ही रीत बघा. आकडा शून्य असेल, तर समोर येणाऱ्या गाडीचं गाव धरायचं आणि आकडा 1 करायचा. पुढची गाडी धरलेल्या गावची असेल तर आकडा एकने वाढवायचा, दुसऱ्या कुठल्याही गावची असेल तर एकने कमी करायचा. बस्, संपलं.

करून पाहू. गाड्या या क्रमाने येतात: काटोल, नरखेड, काटोल, काटोल, सावनेर, काटोल, नरखेड. पहिल्या गाडीला ‘काटोल, 1’. नरखेडची आली, आकडा 0. पुन्हा काटोल, म्हणून ‘काटोल, 1’, मग 2. सावनेरने तो 1 केला, काटोलने परत 2, शेवटच्या नरखेडने 1. हातात नाव उरलं काटोल. सातपैकी चार गाड्या खरोखरच काटोलच्या होत्या.

हे का चालतं? आकडा कमी होतो त्या क्षणी वेगवेगळ्या गावांच्या दोन गाड्या एकमेकींना खोडतात: आत्ता आलेली एक, आणि धरलेल्या गावची आधी मोजलेली एक. अशा प्रत्येक जोडीत काटोलची फार तर एकच गाडी असू शकते. म्हणजे काटोलच्या सगळ्या गाड्या खोडायच्या तर परगावच्या किमान तितक्याच गाड्या लागणार. काटोलच्या निम्म्याहून जास्त असतील तर बाकीच्या निम्म्याहून कमी, त्या पुरणारच नाहीत. काटोलची एक तरी गाडी उरते. आणि न खोडलेल्या गाड्या नेहमी एकाच गावच्या असतात, ज्याचं नाव हातात आहे त्याच्या. सिद्धता झाली. यात एकही सूत्र नाही, आणि गाड्या सात असोत की सात कोटी, तिच्यात एक शब्दही बदलत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. काटोल, काटोल, नरखेड, नरखेड, सावनेर अशा पाच गाड्या आल्या तर शेवटी हातात सावनेर उरतं, आणि त्याची तर एकच गाडी आहे. बहुमत कुणाचंच नसेल, तर उरलेल्या नावाला काही अर्थ नाही. म्हणून बहुमत आहे याची खात्री नसेल तेव्हा दुसरी फेरी मारून त्या एका नावाच्या गाड्या मोजाव्या लागतात.

हा अल्गोरिदम रॉबर्ट बॉयर आणि जे स्ट्रॉदर मूर या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञांचा. त्यांनी तो 1981 मध्ये लिहून काढला, पण छापून आला 1991 मध्ये. दोघांचं मुख्य काम होतं गणिती सिद्धता यंत्राकडून तपासून घेण्याचं, आणि याही प्रोग्रामची अचूकता त्यांनी यंत्राकडून तपासून घेतली होती. मला यात फार अर्थ दिसतो. ज्यांना ‘हे बरोबर का आहे’ हा प्रश्न रोज छळतो, त्यांच्याच हातून इतकी स्वच्छ रीत निघते. प्रोग्राम आखूड असणं वेगळं. साधेपणा मी त्याला म्हणतो, जिथे कारण पूर्णपणे डोक्यात मावतं.

साधी रीत सगळ्यात वेगवान असेलच असं नाही. दोन फेऱ्यांत 1000 गाड्यांसाठी सुमारे 2000 तुलना होतात. मायकेल फिशर आणि स्टीव्हन सॅल्झबर्ग यांनी 1982 मध्ये दाखवलं की 1498 पुरतात, आणि त्याहून कमीत हमखास उत्तर मिळूच शकत नाही. पण त्यांच्या रीतीत गाड्यांची यादी सांभाळावी लागते, आपला गेटवरचा माणूस तिथे अडतो. कानपूर आयआयटीत शिकलेले जयदेव मिश्र आणि डेव्हिड ग्रीस यांनी त्याच वर्षी खोडण्याची कल्पना पुढे नेली: एक-तृतीयांशाहून जास्त गाड्या कुणाच्या हे शोधायचं तर दोन नावं आणि दोन आकडे ठेवा, आणि तीन वेगवेगळ्या गावांच्या गाड्या एकदम खोडा. नेटवर्कमधून धो-धो वाहणाऱ्या डेटामध्ये कुठला पत्ता सारखा येतोय हे ओळखायला ही कल्पना आजही उपयोगी पडते.

कधी कधी रीत साधी असते आणि तिचा हिशेब मात्र भल्याभल्यांना घाम फोडतो. कामठी, हिंगणा, उमरेड अशी गावं एकेका रस्त्याने जोडली जात आहेत, आणि मधूनच कुणी विचारतं: या दोन गावांत ये-जा होते का? प्रत्येक गटाला एक प्रमुख गाव द्यायचं, बाकीची गावं त्याच्याकडे बोट दाखवतील. दोन गट जुळले की लहान गटाचा प्रमुख मोठ्या गटाच्या प्रमुखाकडे बोट दाखवतो. प्रमुख शोधताना वाटेत भेटलेल्या प्रत्येक गावाचं बोट थेट त्याच्याकडे वळवून टाकायचं. मूळ रचना बर्नार्ड गॅलर आणि वर उल्लेख आलेल्याच मायकेल फिशर यांची, 1964 ची. पाच-दहा ओळींत लिहून होते.

ती किती वेगवान आहे, याचा नेमका हिशेब रॉबर्ट टार्जन यांनी 1975 मध्ये मांडला. एका प्रश्नामागचं सरासरी काम जवळजवळ स्थिर असतं, पण पूर्ण स्थिर नाही. गावं वाढतील तसं ते वाढतं, मात्र इतक्या संथपणे की विश्वातल्या अणूंइतकी गावं घेतली तरी त्या वाढीचा आकडा 4 च्या पुढे जात नाही. हा सूक्ष्म अंश म्हणजे हिशेबातला ढिलेपणा असेल, अशी शंका साहजिकच येते. 1989 मध्ये मायकेल फ्रेडमन आणि मायकेल सॅक्स यांनी ती मिटवली: तो अंश प्रश्नातच मुरलेला आहे, आणि कितीही गुंतागुंतीची दुसरी रचना केली तरी तो काढता येत नाही.