नवीन होल्स्टर घट्ट आहे म्हणून तेल चोपडू नका

मागच्या पावसाळ्यात दुरुस्तीला आलेली होल्स्टरं, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्वर कमरेला लावायची चामड्याची म्यानं, एका टेबलावर मांडली, तर निम्म्याहून जास्त होल्स्टरांना तेलाचा वास. कुणाला जवसाचं, कुणाला करडीचं, एकाला तर चक्क खोबरेल. "नवं होतं तवा लय घट्ट होतं जी, हत्यार निंघतच नव्हतं, म्हून जरासं तेल लावलं," हे सगळ्यांचं एकच उत्तर. दुकानात प्रत्येकाला तेच तेच सांगून आता तोंड दुखलं, म्हणून हे पत्रक. नवीन होल्स्टरसोबत घडी घालून देतो, पण ज्यांनी आधीच नेलं आहे त्यांनीही वाचावं.

होल्स्टर घट्ट असतं ते आम्ही माप चुकलो म्हणून नाही. बाभळीची साल, हिरडा अशा झाडपाल्याने कमावलेलं जाड चामडं आम्ही वापरतो. ते पाण्यात भिजवायचं, तुमच्या मॉडेलच्या लाकडी साच्यावर चढवायचं, हाडाच्या पट्टीने दाबत दाबत हत्याराचा आकार त्यात उतरवायचा आणि सावलीत वाळवायचं. वाळलं की चामडं तो आकार धरून कडक होतं. हत्यार धरून ठेवतो तो हा आकार. वरचं बटण फक्त जोडीला असतं. तेल आत मुरलं की चामडं सैल पडतं आणि आकार जातो. तेलकट चामडं पाणी नीट पीत नाही, त्यामुळे ते पुन्हा साच्यावर चढवताही येत नाही. मग नवीनच करावं लागतं. आमचे दहा-बारा दिवस जातात, तुमचे पैसे जातात आणि दोघांचाही मूड जातो.

सवयीचा दोष आहे, हे मान्य. पोळ्याआधी बैलाच्या घुंगरमाळेला तेल लावायचं, जोड्याला तेल लावायचं, हे आपण लहानपणापासून पाहतो. माझे वडील बैलांचा साजच करायचे, ते स्वतः तेलाची वाटी घेऊन बसायचे. पण साजाला वळायचं असतं. होल्स्टर वळलं की धोका.

हा धोका नीट समजून घ्या. हत्यार बाहेर काढल्यावर होल्स्टरचं तोंड उघडंच राहिलं पाहिजे. मऊ पडलेलं तोंड मिटतं. परत घालताना त्याची कड आत दुमडते, ट्रिगरच्या कडीत शिरते, आणि वरून हत्यार दाबलं की ती दुमडलेली कडच ट्रिगर ओढते. एका ग्राहकाच्या होल्स्टरमध्ये आमचा साचा घालून पाहिला, तर तिसऱ्याच वेळी कड बरोबर ट्रिगरवर आली. ते गृहस्थ खुर्चीवरून उठून उभे राहिले. तुम्हीही घरी पाहा: होल्स्टर रिकामं करा, तोंड दोन बोटांत दाबा. सहज मिटत असेल तर ते आजपासून कमरेला लावू नका. मग ते आमचं असो की दुसऱ्या कुणाचं.

मग घट्टपणा कसा घालवायचा? हत्यार पूर्ण रिकामं करा, काडतूस बसतं ते चेंबर किंवा सिलिंडर डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. किराणा दुकानातली पातळ प्लास्टिकची पिशवी हत्यारावर गुंडाळा, होल्स्टरमध्ये पूर्ण दाबून बसवा आणि हत्यारासकट कपाटात कुलूपबंद करून रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी पिशवी काढा, रिकाम्या हत्याराची वीस-पंचवीस वेळा काढघाल करा. बहुतेकांचं काम एका रात्रीत होतं.

हत्यार रात्री होल्स्टरमध्ये ठेवायचं ते एवढ्या एकाच वेळी. एरवी घरी आलं की बाहेर काढा. चामडं कमावताना वापरलेली आम्लं त्यात थोडीफार उरतात, त्यात श्रावणातली ओल मिसळली की लोखंडावर होल्स्टरच्याच आकाराचे गंजाचे डाग उमटतात. कोरड्या फडक्याने पुसून, गन ऑइलचा हलका हात फिरवून, कुलपात वेगळं ठेवा. भिजलेलं होल्स्टर चुलीजवळ किंवा उन्हात वाळवू नका, ते आकसतं आणि तडकतं. आत कागद कोंबून सावलीत ठेवा. लावायचंच असेल तर फक्त बाहेरून, बिनरंगी मेणाचं पॉलिश, तेही वर्षातून एक-दोनदा.

होल्स्टरच्या मागच्या, अंगाकडच्या बाजूला उंच ठेवलेलं चामड्याचं पान कापून द्या, असं काही जण सांगतात. आम्ही कापत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा घामाचं मीठ हत्याराच्या पाठीवर न जाता त्या पानावर थांबतं. वर्षभर वापरल्यावर तेच लोक येऊन "बरं केलं" म्हणतात.

आमचे बहुतेक ग्राहक मोटरसायकलवर फिरणारे. कुणी जिनिंगचा पैसा नेतो, कुणाचा पेट्रोलपंप आहे. अशांनी पाठीच्या कण्यावर हत्यार लावू नये, गाडी घसरली तर आदळ थेट मणक्यावर बसते. पुढे पोटावर लावलं तर वाकून बसताना टोचतं. उजव्या हाताने वापरणाऱ्याला उजव्या कमरेच्या किंचित मागची जागा बरी. आणि पट्टा! पाऊण किलोच्या आसपासचं रिव्हॉल्वर बाजारातल्या फॅशनच्या पट्ट्याला लावलं की तो लोंबतो, शर्टाखालून नळी डोकावते. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हँडगन होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेली हवी. दीड इंच रुंदीचा, दोन थर शिवलेला पट्टा आम्ही होल्स्टरच्याच चामड्यातून करतो. होल्स्टरसोबत घेतला तर शिलाई निघाल्यास दोन्हीची दुरुस्ती फुकट.

प्लास्टिकचं का करत नाही, असंही विचारतात. पावसात ते चांगलं आणि मऊ पडत नाही, हे खरं. पण ते आमचं काम नाही, आणि दिवसभर कमरेला घासलं की चामड्याची आठवण येते.

ऑर्डर देताना "३२ बोअर" एवढंच सांगू नका. २०१४ साली कानपूरहून आलेलं निर्भीक नावाचं रिव्हॉल्वर वेगळं, त्याआधीचं रिव्हॉल्वर वेगळं, पिस्तूल तर साफच वेगळं. परवान्यावरचं वर्णन वाचून सांगा, बहुतेकांचे साचे आमच्याकडे आहेत. हत्यार दुकानात ठेवून जातो म्हणू नका, ते ठेवून घ्यायचा परवाना आमच्याकडे नाही. साचा नसेलच तर आम्ही बोलावू तेव्हा, रिकामं करून, परवाना सोबत घेऊन या आणि माप होईपर्यंत समोर बसा. चहा आमच्याकडून.

पोळ्याच्या आधीचे पंधरा दिवस दुकान साजाच्या कामात बुडालेलं असतं. त्या दिवसांत होल्स्टरची ऑर्डर घेत नाही.