अनुदेशन-रचना व अध्ययन तंत्रज्ञान : पदव्युत्तर अभ्यास

एखादी गोष्ट कोणाला, कशासाठी आणि कोणत्या क्रमाने शिकवायची हे आधी ठरवून मग पाठ, चित्रफीत किंवा ऑनलाइन कोर्स बांधणे म्हणजे अनुदेशन-रचना. तिचा पदव्युत्तर अभ्यास सहसा शिक्षणशास्त्राच्या छत्राखाली होतो. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठात आणि आयआयटीत शैक्षणिक तंत्रज्ञानाचे स्वतंत्र शिक्षण मिळते, इग्नूची पदविका घरबसल्या करता येते. सातारा-सांगलीतून या विषयाकडे येणारी वाट बहुधा बी.एड., एम.एड.ची असते, आणि ती वाट कमी प्रतीची मुळीच नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने 1935 मध्येच साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय काढले. सराव पाठ, टाचण, उद्दिष्टे व स्पष्टीकरणे हे शब्द इथल्या शिक्षकी घरांत रोजच्या बोलण्यातले आहेत.

या शास्त्राला आकार आला तो दुसऱ्या महायुद्धात. लाखो सैनिकांना थोड्या दिवसांत तयार करायचे होते, आणि त्या कामाला मानसशास्त्रज्ञ जुंपले गेले. त्यांतल्या रॉबर्ट गान्ये यांनी 1965 मध्ये अध्ययनाच्या अटींची, म्हणजे शिकणे घडण्यासाठी काय काय लागते याची, मांडणी केली. 1975 मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात अमेरिकी लष्करासाठी जी कार्यपद्धती तयार झाली, तीच पुढे ‘अ‍ॅडी’ या इंग्रजी आद्याक्षरांच्या नावाने रूढ झाली : विश्लेषण, आराखडा, विकसन, अंमलबजावणी, मूल्यमापन. ऑफिसात बहुतेकांना विकसनाची घाई असते. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र पदव्युत्तर अभ्यासाची खरी कमाई विश्लेषणात आहे.

तासगावच्या द्राक्षबागेचे उदाहरण घेऊ. नव्या मजुरांना ऑक्टोबरची फळछाटणी शिकवायची आहे. जुन्या बागायतदाराला विचारले, की तो म्हणतो, “काडी बघून छाटायची.” रचनाकाराचे काम त्या ‘बघून’पाशी सुरू होते. तो त्याच्याबरोबर ओळीतून चालतो, प्रत्येक कापाला थांबवतो, “आत्ता काय बघितलंत?” असे विचारतो. मग उलगडते : काडीची जाडी, तिचा रंग, डोळा (काडीवरची कळी) फुगीर आहे का, सबकेन (काडीचा शेंडा खुडल्यावर फुटलेली पोटकाडी) असेल तर गाठीजवळचे डोळे, शिवाय डोळे तपासणीचा, म्हणजे कोणत्या डोळ्यात घड आहे याचा, अहवाल काय सांगतो ते. बागायतदाराला हे सगळे एका नजरेत दिसते. वर्षानुवर्षांच्या सरावाने त्याच्या पायऱ्या त्याच्याच मनातून पुसल्या गेल्या आहेत. त्या परत शोधून काढण्याला कार्यविश्लेषण म्हणतात. ते पुस्तकातून येत नाही. बांधावर उभे राहूनच येते.

त्यानंतर उद्दिष्ट. ‘मजुराला छाटणी समजेल’ हे वाक्य चालत नाही, कारण समजले की नाही हे कोणी तपासायचे? ‘समोरच्या दहा काड्यांवर कुठे कापायचे ते दाखवेल आणि कारण सांगेल’ हे चालते. उद्दिष्टे कशी लिहावीत यावर पुस्तक लिहिणारे रॉबर्ट मेगर यांनी 1962 पासून हाच आग्रह धरला होता.

तंत्रज्ञानाचा भाग इथून पुढे. स्टोरीबोर्ड (धड्याचा दृश्यागणिक आराखडा), मूडलसारखी एलएमएस (ऑनलाइन कोर्स चालवण्याची प्रणाली), मोबाइलवरची चित्रफीत हे सगळे शिकावेच लागते, पण त्यामागचे कारण अधिक मोलाचे. जॉन स्वेलर यांनी 1988 मध्ये मांडलेला बोधनिक भाराचा, म्हणजे मन एका वेळी किती माहिती पेलू शकते याचा, विचार आणि रिचर्ड मेयर यांचे बहुमाध्यमावरचे प्रयोग सांगतात, की चित्र दाखवताना निवेदन ऐकू येत असेल तर तेच सगळे शब्द पडद्यावर छापू नयेत. डोळ्यांनी काडी बघायची की अक्षरे? स्वतःच्या गावच्या बोलीतले निवेदन आणि कात्रीजवळ नेलेला कॅमेरा एवढ्यावर चांगला धडा उभा राहतो.

मूल्यमापनात डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांच्या 1959 च्या चार पायऱ्या शिकवतात : प्रतिक्रिया, शिकणे, वर्तन, परिणाम. कंपन्यांतली प्रशिक्षणे बऱ्याचदा पहिल्या पायरीवरच, म्हणजे फीडबॅक फॉर्मवर, थांबतात. द्राक्षपट्ट्यातल्या विद्यार्थ्याला चौथी पायरी हाताशी असते, कारण छाटणीनंतर काही आठवड्यांत घड दिसू लागतात. फक्त मोजताना एक भान ठेवावे लागते. काडीत घड धरतो तो एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच्या (नवी काडी वाढवण्यासाठी केलेल्या छाटणीनंतरच्या) दिवसांत. ते श्रेय ऑक्टोबरच्या धड्याचे नाही. म्हणून तुलना करायची ती त्याच बागेतल्या, जुन्याच पद्धतीने छाटलेल्या शेजारच्या ओळीशी.