शार्डोनेचा हंगाम : बर्गंडीत आणि नाशकात

शार्डोने ही पांढऱ्या वाईनच्या द्राक्षाची जात, मूळची फ्रान्समधल्या बर्गंडीची. पिनो आणि आज जवळपास विसरली गेलेली गुए ब्लाँ या द्राक्षांच्या संकरातून ही जात झाली, हे डीएनए तपासणीतून 1999 साली स्पष्ट झालं. मस्कत द्राक्षासारखा ठसठशीत वास तिला नाही, त्यामुळे वर्ष कसं गेलं ते तिच्या वाईनमध्ये चटकन उतरतं. थंड वर्षी हिरवं सफरचंद, लिंबू आणि करकरीत आंबटपणा. उष्ण वर्षी पीच, अननस, अल्कोहोल चढं आणि आंबटपणा बसलेला. मणी पिकताना त्यातलं मॅलिक आम्ल उष्णतेत भराभर खर्ची पडतं, टार्टारिक मात्र बरंच टिकतं. रात्री गार असल्या की मॅलिकही वाचतं.

बर्गंडीतल्या बोन गावच्या द्राक्षकाढणीच्या 1354 पासूनच्या तारखा संशोधकांनी जुळवून 2019 मध्ये प्रसिद्ध केल्या. 1987 पर्यंत काढणी सरासरी 28 सप्टेंबरला सुरू होई. 1988 नंतर ती सरासरी 13 दिवस अलीकडे आली. 2003 च्या उष्णतेच्या लाटेत तर ऑगस्टमध्येच कात्र्या चालल्या. शार्डोनेचे डोळे, म्हणजे काडीवरचे कोंब, लवकर फुटतात, म्हणून तिथे दुसरी धास्ती एप्रिलच्या हिमतुषारांची. 2021 साली बर्गंडीतल्याच शाब्लीच्या बागांतून हवा उबदार ठेवायला रात्रभर मेणबत्त्या जळत होत्या.

नाशकात गणित वेगळं. इथे वेल हिवाळ्यात झोपत नाही, हंगाम छाटणीने सुरू होतो. एप्रिलची खरड छाटणी काडीसाठी, ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावतात, म्हणजे पेस्टिंग करतात. म्हणजे फुलोरा कोणत्या हवेत यावा, हे काही अंशी बागायतदारच ठरवतो. छाटणी लवकर घेतली तर परतीचा पाऊस आणि डाऊनी हा बुरशीचा रोग, उशिरा घेतली तर पिकण्याच्या वेळी ऊन.

खरा पेच तापमानाच्या दिशेचा आहे. बर्गंडीत द्राक्ष पिकत येतं तसा दिवस लहान होतो, हवा गार पडते. आपल्याकडे संक्रांत सरली की पारा चढू लागतो. शार्डोने लवकर पिकते हे बरं, नाहीतर फेब्रुवारीच्या उन्हात साखर भराभर चढते, आंबटपणा उतरतो आणि चव मागे राहते.

नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास असल्यामुळे रात्रीची थंडी मिळते. निफाडचा पारा एक आकड्यावर आला की टेबल द्राक्षवाला पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, ठिबक सोडतो. नाहीतर थंडीने मण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात. वाईनवाल्याला मणी मोठा नकोच असतो, त्यामुळे तीच थंडी त्याला हवीहवीशी. एकाच शिवारात थंडीबद्दल इतकी परस्परविरोधी मतं क्वचितच ऐकायला मिळतील.

गारपिटीबद्दल मात्र दोघांचं एकमत. 26 नोव्हेंबर 2023 च्या अवकाळीने आणि गारांनी जिल्ह्यातल्या बागा झोडपल्या, तेव्हा कोणती द्राक्षं कशासाठी लावलीत हे कुणी पाहिलं नाही. ढगाळ हवेचा हिशेब आणखी मागे जातो : घड काडीत खरड छाटणीनंतरच्या महिन्यांत ठरतो, तेव्हा सूर्यप्रकाश कमी पडला तर ऑक्टोबरनंतर घडच कमी निघतात.

नाशिकच्या सुला वायनरीने 2000 साली पहिल्या वाईन काढल्या त्या शनां ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या द्राक्षांच्या. पुढच्या वर्षी राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, वायनरी वाढल्या. शार्डोनेला सोयीची वाट दिंडोरीत दिसली, शाँदों कंपनीच्या स्पार्कलिंग, म्हणजे फसफसणाऱ्या वाईनमध्ये. ही वाईन 2013 मध्ये बाजारात आली, तिच्यात शनां ब्लाँ आणि पिनो न्वारच्या जोडीला शार्डोने आहे. स्पार्कलिंगसाठी द्राक्ष साधारण 18-19 ब्रिक्सलाच (ब्रिक्स हे रसातल्या साखरेचं माप) काढतात, आंबटपणा शाबूत असताना. साध्या शार्डोनेसाठी साखर 22 च्या पुढे न्यावी लागते, आणि नाशकात नेमक्या त्याच दिवसांत ऊन वाढत असतं. म्हणून ती द्राक्षं उजाडायच्या आत खुडून क्रेट थंड खोलीत पोचवायचे, आणि आम्ल तरीही कमी पडलंच तर टाकीत टार्टारिक घालायचं.